आधी कारण लिही

अगं,

आजीवरच्या लेखाच्या समासात कुणीतरी ‘मॉडलिन’, म्हणजे रडका, असा इंग्रजी शेरा मारला, म्हणून सगळा लेखच खोडायला निघालीस? थांब. ज्या बाईवरून हा शब्द आला, ती कोण ते तरी बघ.

मॉडलिन म्हणजे मराठी बायबलातली मग्दालीया मरीया, येशूची शिष्या. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना नावातला ‘ग’ गळला. ऑक्सफर्डमधल्या तिच्या नावाच्या 1458 सालच्या कॉलेजचा उच्चार आजही ‘मॉडलिन’च होतो. टिशियनसारख्या चित्रकारांनी तिला आसवं ढाळतानाच रंगवलं, आणि पिऊन गळा काढणाऱ्यालाही तिचंच नाव चिकटलं.

आता बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाच. अंधार असतानाच ती येशूच्या कबरेपाशी जाते, धोंड सरकलेली बघून धावत शिष्यांना सांगायला जाते. मग बाहेर रडत उभी असताना वाकून आत डोकावते. का रडतेस, असं विचारल्यावर सरळ सांगते: माझ्या प्रभूला नेलं, कुठे ठेवलं ठाऊक नाही. कारण सांगते ती! जगाने आसवं ठेवली, कारण टाकलं. शिवाय येशूचे पाय आसवांनी भिजवणारी लूकच्या शुभवर्तमानातली स्त्री निनावी आहे. 591 साली पोप पहिल्या ग्रेगरीने ती हीच असं सांगितलं, आणि तिचंही रडणं हिच्या माथी आलं.

म्हणून सांगतो, आधी कारण लिही. तुझ्या लेखात डोळे चारदा भरून येतात. पण ओळख विसरल्यावरही आजी पदराच्या गाठीतून तुझ्या बसभाड्याची नाणी काढायची, हे तू मला फोनवर सांगितलंस. ते लेखात का नाही? शेरा मारणाऱ्याला रडणं दिसलं, आजी दिसलीच नाही.

तिशीत माझ्याही लेखावर असाच शेरा आला होता. मी घाबरून आसवं पुसली, आणि त्यांच्याबरोबर वडिलांचं शेवटचं विचारणंही काढून टाकलं: ‘गाईला पेंड घातली का?’ लेख छापून आला, संयत म्हणून वाखाणला गेला. त्यात वडील नव्हते. तेव्हापासून संयमाची शिकवणी कुणी सुरू केली की माझं डोकं तापतं. आताही मी कदाचित त्या जुन्या शेऱ्याशीच भांडतोय. भांडू दे. ते एक वाक्य मी ठेवायला हवं होतं.

तू कारण खोडू नकोस. भरून आलेले डोळे तीन ठिकाणी काढ. चौथ्या ठिकाणी ती गाठ सोड, नाणी मोज. किती निघाली ते मला कळव.