जुन्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसचं इंजिन बदलायचं आहे. नियोजन कुठून सुरू करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २००५ची ऑक्टेव्हिया आरएस, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. चालवताना तेलाचा दिवा लागला, मग खालून ठोका यायला लागला आणि तेव्हापासून चार वर्षं गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खातेय. मिस्त्री म्हणतो इंजिन गेलं. मित्र म्हणतो, टाकायचंच आहे तर स्कोडाच्याच नंतरच्या लॉरा गाडीचं १.८ टीएसआय इंजिन टाक, जास्त ताकद मिळेल.

मी छत्रपती संभाजीनगरचा. या गाड्या आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या जायच्या, त्यामुळे इथे प्रत्येक गॅरेजात एक तरी माणूस तिच्याबद्दल अधिकारवाणीने बोलतो. माझ्याकडे २००६ची आहे आणि तिचं दुखणं अगदी तुमच्याच गाडीचं होतं. मी एकदा चुकीच्या इंजिनावर पैसे घालवले, दुसऱ्यांदा शहाणा झालो आणि शेवटी इंजिन बदललंच नाही. ते का, हे सांगतो.

आधी इंजिनाखालचं चेंबर, म्हणजे तेलाचं भांडं, उतरवून बघा. इंजिन शोधायला बाहेर पडू नका, कुणाला टोकन देऊ नका. गाडी जॅकवर घ्या, तेल काढा, चेंबर उघडा. तेलपंपाच्या नळीच्या टोकाला एक जाळी असते. माझ्या गाडीत ती काळ्या खरपुडीने अशी बुजली होती की तव्याला लागलेली भाकरी आठवली. हे इंजिन टर्बोचं, त्यामुळे तेल भयंकर तापतं. आधीच्या मालकाने स्वस्तातलं साधं तेल घालून दहा-दहा, पंधरा-पंधरा हजार किलोमीटर रेटलं की ते तेल जळून त्याचे कोळशासारखे कण होतात आणि जाळीत येऊन बसतात. मग पंपाला तेल मिळत नाही, दाब पडतो, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग खाल्ली जातात. तेव्हा इंजिन ‘गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं, हे चेंबर उघडल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. मिस्त्रीचा कान कितीही तयार असो.

चेंबर उघडल्यावर रॉडच्या टोप्या एकेक करून सोडा. फक्त रॉडची बेअरिंग गेली असतील तर नशीबवान आहात. क्रँकला, म्हणजे रॉड ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य दांड्याला, धरणारं मेन बेअरिंग जागेवरच फिरलं असेल तर ब्लॉकची बैठक खराब होते आणि मग तो ब्लॉक जवळपास भंगार. माझं तिसऱ्या सिलिंडरचं रॉड बेअरिंग संपलं होतं, क्रँकवर खोल ओरखडे होते, पण ब्लॉक शाबूत. हेड काढून बघितलं तर बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, कारखान्यातली तिरकी जाळीदार रेघ अजून दिसत होती. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, मजबूत असतो.

हे सगळं बघायच्या आधी मी काय केलं होतं, तर मुंबईतल्या एका जुन्या पार्टवाल्याकडून ‘सेम टू सेम १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्ह’ म्हणून एक इंजिन उचललं होतं. टेम्पोतून आलं, गॅरेजच्या दारात उतरलं आणि मिस्त्रीने लांबूनच मान हलवली. इंजिन १.८ टर्बोच होतं, पण लांबीला बसणाऱ्या गाडीतलं. जुनी पसाट, ऑडी ए-फोर, पहिल्या पिढीची सुपर्ब, या गाड्यांत इंजिन पुढून मागे असं लांबीला बसतं. ऑक्टेव्हियात ते आडवं. १७८१ सीसी तेच, ८१ मिलिमीटरचा बोअर आणि ८६.४चा स्ट्रोक तोच, पण माउंटिंगच्या जागा, तेलाच्या फिल्टरची बैठक, टर्बोची मांडणी सगळं वेगळं. माझ्या वाट्याला आलेल्याचा तर पाण्याचा पंपही बाहेरच्या बाजूला होता. ब्लॉकवर ओतीव अक्षरांत नंबर असतो. आडव्या गाडीचा ०६-ए ने सुरू होतो, माझ्याकडे आलेल्याचा ०५८ होता. हे दोन आकडे मला आधी माहीत असते तर टेम्पोचं भाडं तरी वाचलं असतं. पार्टवाल्याने ते परत घेतलं, पण अर्ध्या किमतीत.

तुमच्या गाडीचा इंजिन कोड टायमिंग बेल्टच्या कव्हरवरच्या स्टिकरवर सापडेल, नाहीतर डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात चिकटवलेल्या मोठ्या स्टिकरवर बघा. तीन अक्षरांचा असतो. जे काही विकत घ्याल ते त्या कोडशी ताडून घ्या.

आता टीएसआयबद्दल. मित्राचं म्हणणं ऐकायला गोड आहे. तुमच्या गाडीची ताकद १५० पीएस आणि २१० न्यूटन-मीटर, लॉराच्या टीएसआयची १६० आणि २५०. पण ते इंजिन वेगळ्याच घराण्यातलं. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये प्रचंड दाबाने मारलं जातं, त्यासाठी वेगळा पंप, वेगळी नळी, टाकीतल्या पंपाला वेगळा कंट्रोलर. तुमच्या गाडीतली वायरिंग एका पिढीआधीची. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि मीटर एकमेकांना ओळखतात, चावीतली चिप दोघांना ओळखते, त्यातला एक बदलला की गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद. आपल्याकडचे वायरमन कमाल हुशार आहेत, पण अशा कामात तुम्ही वायरमनच्या दारात महिनोन्महिने चपला झिजवणार आणि एबीएस किंवा एसी यातलं काहीतरी कायमचं रुसणार. शिवाय त्या टीएसआयचे स्वतःचे आजार आहेत: टायमिंग चेनचा टेन्शनर आणि काही वर्षांच्या इंजिनांत तेल पिणाऱ्या पिस्टन रिंगा. एक आजारी म्हातारा घराबाहेर काढून दुसरा आणायचा, एवढाच फरक.

आणि कागद. ही बाजू बहुतेक जण इंजिन बसवून झाल्यावर आठवतात. टीएसआय १७९८ सीसी आहे. तुमच्या आरसीवर १७८१ लिहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलासाठी प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम आलं. नाक्यावरचा हवालदार बॉनेट उघडून सीसी मोजणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला तर तो इंजिन नंबर नक्की बघणार, आणि तुम्हाला तर पासिंगसाठी आरटीओत जायचंच आहे. २००५ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी २०२०मध्येच संपली. १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीचं नूतनीकरण एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलं आणि वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२५च्या ऑगस्टपासून १० हजार. वर पर्यावरण कर. तिथे इन्स्पेक्टर चासी नंबरचा पेन्सिल छाप घेतो, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो.

म्हणूनच म्हणतो: इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तुमचाच राहिला तर कागदोपत्री काहीच हललेलं नाही. आतला क्रँक, रॉड, पिस्टन, वरचं हेड हे सगळे सुटे भाग, ते बदलणं म्हणजे दुरुस्ती. माझ्या बाबतीत हेच झालं. दुसऱ्या खेपेला मी नुसतं इंजिन न शोधता पाठीमागून ट्रकने ठोकलेली अख्खी आरएस शोधली. पाठीमागून ठोकलेलीच शोधायची, कारण तिचं तोंड आणि इंजिन शाबूत असतं. मूळ बेत तिचं इंजिन उचलून माझ्या गाडीत टाकायचा होता. पण माझा ब्लॉक चांगला निघाल्यावर मिस्त्रीच म्हणाला, “साहेब, नंबर कशाला बदलताय? तिचं पोट काढून हिच्यात घालू.” मग तिचा क्रँक, रॉड आणि हेड घेतलं, बेअरिंग शेल आणि रिंगा नव्या टाकल्या, फट मोजून घेतली. हेडही तिचंच, कारण कॅमशाफ्टच्या बैठका हेडच्या धातूतच असतात आणि तेल नसताना त्यांनीही मार खाल्लेला असतो. शिवाय ईसीयू, मीटर, चावीचा जोड, सगळे सेन्सर, टर्बो, गिअरबॉक्स असं सगळं शेजारी पडलेलं. एखादा पाइप तुटला तर कुरियरची वाट बघायची नाही, उठायचं आणि काढून आणायचा.

एक मात्र करा. अशी गाडी घेताना तिच्या मालकाकडून तिची आरसी रद्द करून घ्या. कायमची निकामी झालेली गाडी आरटीओला चौदा दिवसांत कळवायची असते. बिल घ्या, त्यावर चासी आणि इंजिन नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचे भाग फिरत असतात आणि नंतर ‘मला काय माहीत’ म्हणून भागत नाही.

तुमचा ब्लॉक खरंच गेला असेल, तर त्याच कोडचं इंजिन बसवा, आधी आरटीओची मंजुरी घ्या आणि बदल झाल्यापासून चौदा दिवसांत बिलासकट कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. विमा कंपनीलाही पत्र द्या. जुनं इंजिन घेताना कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका: ७ बारच्या खाली एकही सिलिंडर नको आणि चौघांत ३ बारपेक्षा जास्त तफावत नको. तेलाचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. आत काळा चिकटा दिसला तर तुम्ही तुमचाच आजार विकत घेताय. टायमिंग बेल्ट तुटलेलं इंजिन असेल तर हेडमधले व्हॉल्व्ह वाकलेले समजा.

ताकद वाढवायची हौस असेल (असणारच, नाहीतर आरएस कोण घेतं) तर रॉडकडे लक्ष द्या. या इंजिनाच्या नंतरच्या आवृत्त्यांत रॉड सडपातळ आहेत आणि पिस्टनची पिन १९ मिलिमीटरची, आधीच्यांत २०ची. दोन इंजिनांतले भाग मिसळताना पिस्टन आणि रॉड जोडीनेच घ्या. खालच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) चढवून ओढलं की सडपातळ रॉड वाकतात.

टर्बोच्या बाबतीत कंजूषपणा केला तर नवं बेअरिंगही महिन्याभरात जाईल. बेअरिंग खाल्ल्यावर धातूचा बारीक चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. ऑइल कूलर धुऊन साफ होत नाही, नवा टाका. टर्बोला तेल नेणारी बारीक नळी आतून कोळशाने बुजते, तीही नवी. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) काढून त्यातलं तेल निथळू द्या, रात्रभर उलटा टांगून ठेवला तरी सकाळी थेंब पडतात. रबराच्या व्हॅक्यूम नळ्या वीस वर्षांनी बिस्किटासारख्या मोडतात, त्या सगळ्या एका झटक्यात बदला. पेट्रोलच्या नळ्याही आत्ताच. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि इथेनॉलला हे जुनं रबर टिकत नाही. पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे बेल्ट, पंप, टेन्शनर एकत्रच. क्लच प्लेट पण. इंजिन खाली असताना क्लच बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, नंतर तेवढ्यासाठी दोन दिवसांची मजुरी.

पैशांचं गणित म्हणाल तर इंजिनाच्या, किंवा भाग काढायला घेतलेल्या गाडीच्या, किमतीइतकेच पैसे पुन्हा बाजूला ठेवा. या बारीकसारीक वस्तूंत ते जातात. आणि जागा. माझी गाडी गॅरेजमध्ये चार महिने उघडी पडून होती आणि मिस्त्री रोज तिच्या बॉनेटवर डबा खायचा.

पहिल्यांदा सुरू करताना घाई करू नका. टर्बोच्या नळीतून थोडं तेल ओता, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवत राहा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मगच फ्यूज लावा. माझ्या गाडीचा दिवा पाचव्या खेपेला विझला आणि तोपर्यंत आम्ही तिघं जण श्वास रोखून मीटरकडे बघत होतो.

तेव्हा या रविवारी फक्त चेंबर उतरवा. जाळीचा आणि तिसऱ्या-चौथ्या रॉडच्या बेअरिंगचा फोटो इथे टाका, ब्लॉकवरच्या नंबराचाही. बघून सांगतो, तुमचा ब्लॉक वाचतोय का.