होणाऱ्या बायकोला सिलिअॅक आहे, गहू अजिबात चालत नाही. कोल्हापूरहून हनिमूनला कोणता समुद्रकिनारा बरा?

लांब कशाला जाता, मालवण-तारकर्ली गाठा. तिथलं रोजचं जेवणच तांदळाचं: घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, भात, माशाची आमटी, सोलकढी. वहिनींना वेगळं ताट मागावं लागणार नाही, ही मोठी गोष्ट आहे.

पण तीन ठिकाणी गहू लपलेला असतो. तळलेल्या मासळीला रवा लावतात. तांदळाचं पीठ लावायला सांगा, आणि तेही स्वच्छ तव्यावर, ताज्या तेलात. कोंबडी-वड्यांच्या पिठात बरेचदा गहू असतो, ते टाळाच. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, हे स्वयंपाक करणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही.

म्हणून मोठ्या हॉटेलापेक्षा घरगुती राहण्याची सोय बघा आणि बुकिंगच्या आधी स्वयंपाक करणाऱ्या काकूंशी स्वतः फोनवर बोला. 'पथ्य आहे' एवढंच सांगू नका. गहू, रवा, मैद्याचा कणही चालत नाही, असं स्पष्ट सांगा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. गगनबावड्याच्या वाटेवर खायला घरची ज्वारीची भाकरी सोबत घ्या.