आधी रेषा बघ, आकडा नंतर

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न टीएमएसचा, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकीय पल्स देण्याच्या तंत्राचा. तो असा, की एकाच माणसाला त्याच तीव्रतेचे पल्स दिले तरी एमईपी (मोटर इव्होक्ड पोटेन्शियल, पल्समुळे स्नायूत उमटणारा विजेचा प्रतिसाद) एकदा 300 मायक्रोव्होल्टचा येतो आणि पुढचाच दीड मिलिव्होल्टचा, तर चुकतंय कुठे? कदाचित काहीच चुकत नसेल, एमईपीचा स्वभावच तसा आहे. पण चूक असलीच तर ती बहुतेक वेळा मेंदूत सापडत नाही. ती त्वचेवर, कॉइलच्या कोनात किंवा मनगटाखाली नसलेल्या उशीत सापडते.

आपण मोजतो काय, ते आधी पक्कं करू. लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी 1980 साली कवटीवरून थेट विजेचा झटका देऊन हाताचा स्नायू हलवला होता. ते जमलं, पण दुखायचं. 1985 मध्ये शेफील्डला बार्कर आणि सहकाऱ्यांनी तेच काम चुंबकीय क्षेत्राने केलं. कपॅसिटर काही हजार अँपिअर प्रवाह कॉइलमध्ये सोडतो, दीड-दोन टेस्लाचं क्षेत्र क्षणात चढतं आणि उतरतं, आणि त्या बदलामुळे मेंदूच्या पृष्ठभागात प्रवाह उमटतो. तो बहुतांशी पिरॅमिडल पेशींना (मज्जारज्जूकडे हालचालीचा संदेश पाठवणाऱ्या पेशींना) थेट न छेडता त्यांच्याकडे जाणाऱ्या तंतूंना छेडतो. मग साधारण दीड मिलिसेकंदाच्या अंतराने एकामागून एक लाटा मज्जारज्जूत उतरतात, तिथल्या पेशी पेटतात आणि सुमारे 20 ते 23 मिलिसेकंदांनी हाताच्या स्नायूत रेष उसळते. म्हणजे कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर), मज्जारज्जू आणि स्नायू या तिन्ही ठिकाणची त्या क्षणाची अवस्था त्या एका आकड्यात मिसळलेली असते. एमईपी वाढला की लगेच ‘कॉर्टेक्सची उत्तेजनक्षमता वाढली’ असं लिहून मोकळं होऊ नकोस.

आता हात. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला स्नायू घे. तर्जनी बाजूला न्यायला सांगून बोटाने दाब, स्नायूचा मधला भाग जिथे फुगतो तिथे एक इलेक्ट्रोड, तर्जनीच्या मुळाच्या सांध्यावर दुसरा, मनगटाच्या हाडावर ग्राउंड. त्वचा आधी खरखरीत जेलने घासायची, स्पिरिटने पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. ही दोन मिनिटं वाचवलीस तर अख्खं सत्र गुरगुर बघत बसशील. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन बांध आणि कॉइलच्या केबलपासून लांब ठेव. फिल्टर 20 हर्ट्झ ते 2 किलोहर्ट्झ, सॅम्पलिंग 5 किलोहर्ट्झ.

ट्यूबलाइटचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट दिसला की नॉच फिल्टर (तेवढीच एक वारंवारता गाळणारा) लावायचा मोह होतो. लावू नकोस. पल्समुळे रेषेवर उमटणारा मोठा खोटा काटा (आर्टिफॅक्ट) त्या फिल्टरमधून गेला की मागे झंकार सोडतो आणि तो थेट एमईपीच्या जागी येऊन बसतो. त्यापेक्षा ट्यूबलाइट बंद कर, चार्जरची वायर काढ, ग्राउंडचा इलेक्ट्रोड ओला आहे का ते बघ.

माणसाला आणण्याआधी सुरक्षिततेची प्रश्नावली भरून घे आणि ती स्वतः वाच. अपस्माराचा इतिहास, डोक्यात धातू, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, गरोदरपण, चालू औषधं. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन या अपस्माराच्या औषधांनी थ्रेशोल्ड, म्हणजे एमईपी येण्यासाठी लागणारी किमान तीव्रता, चढतो, म्हणजे औषधांचा रकाना सुरक्षिततेइतकाच तुझ्या आकड्यांसाठीही आहे. इअरप्लग दोघांनाही. कॉइलची टकटक तू दिवसभर ऐकणार आहेस. कानातलं, केसांच्या पिना काढायला सांग. आंबाडा किंवा घट्ट वेणी असेल तर केस मोकळे करून दोन बाजूंना पांगव, कारण कॉइल आणि मेंदू यांच्यातलं अंतर एका मिलिमीटरने वाढलं की यंत्राची साधारण 3 टक्के ताकद जास्त लागते. नेव्हिगेशनचा ट्रॅकर (कॉइल डोक्यावर कुठे आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेचं निशाण) डोक्याला बांधायचा असेल तर तेल लावून येऊ नका असं आदल्या दिवशीच कळव. पट्टा सरकला तर पडद्यावरचं निशाण जागेवरच राहतं, फक्त डोकं हललेलं असतं.

हॉटस्पॉटसाठी, म्हणजे त्या स्नायूचा एमईपी सर्वांत चांगला येतो ती डोक्यावरची जागा शोधण्यासाठी, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप धर. दोन्ही मध्यांचा छेद म्हणजे शिरोबिंदू. तिथून हाताच्या विरुद्ध बाजूला सुमारे 5 सेंटीमीटर आणि किंचित पुढे, ही सुरुवातीची जागा. आठाच्या आकाराची 70 मिलिमीटरची कॉइल कवटीला सपाट टेकव, दांडा मागे आणि बाहेर, मध्यरेषेशी 45 अंश. मेंदूतला प्रवाह मागून पुढे जायला हवा. कॉइलवरचा बाण तपास, कारण मोनोफेजिक (मुख्यतः एकाच दिशेच्या) आणि बायफेजिक (उलटसुलट दिशेच्या) पल्सची प्रभावी दिशा एक नसते. कॉइल उलटी धरली तरी एमईपी येतो, फक्त तो वेगळ्या तंतूंमधून येतो, उशिरा येतो आणि जास्त ताकद मागतो. गंमत म्हणजे ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पडद्यावर सगळं ठीक दिसतं.

यंत्र कमाल ताकदीच्या 50 टक्क्यांच्या आसपास ठेव, 5 सेकंदांहून जास्त अंतराने पल्स दे. दर वेळी अर्धा-एक सेंटीमीटर सरक, प्रत्येक जागी तीन-चार पल्स. सर्वांत मोठा आणि सर्वांत नियमित एमईपी जिथे येतो ती जागा. मोठ्यापेक्षा नियमित जास्त महत्त्वाचा. मग तिथेच कोन दहा-दहा अंशांनी फिरवून बघ, आणि खूण टोपीवर नाही, डोक्यावर कर. टोपी सरकते.

विश्रांतीचा थ्रेशोल्ड म्हणजे दहापैकी किमान पाच पल्सना 50 मायक्रोव्होल्ट किंवा अधिक एमईपी देणारी सर्वांत कमी तीव्रता. वरून खाली एकेक टक्का उतर. स्नायू हलका आवळलेला असतानाचा थ्रेशोल्ड वेगळा; तिथे निकष 200 मायक्रोव्होल्ट आणि तीव्रता कमी. दोन्हींची गल्लत करू नकोस. शोधनिबंधात ‘थ्रेशोल्डच्या 80 टक्के’ लिहिलेलं असेल तर कुठल्या थ्रेशोल्डच्या, हे शोधल्याशिवाय यंत्राला हात लावू नकोस.

याच टप्प्यावर रेषा बघायची सवय लागते. गेन (रेष मोठी करून दाखवण्याचं प्रमाण) वाढव, म्हणजे एका चौकटीत 50 मायक्रोव्होल्ट दिसतील, आणि स्पीकर चालू ठेव. पल्सच्या आधीच्या 100 मिलिसेकंदांत रेष सपाट हवी. तिथे बारीक काटे दिसले तर माणूस नकळत बोट ताणतोय, आणि तेवढ्यानेच एमईपी कितीतरी पटीने मोठा होतो, शिवाय दोन-तीन मिलिसेकंद लवकर येतो. ‘सैल सोडा’ असं दहा वेळा सांगितल्याने हात सैल होत नाही. कोपरापासून बोटांपर्यंत उशी दे, तळवा त्यावर टेकू दे, खांदे खाली आहेत का बघ. पल्सच्या आधी असे काटे दिसलेल्या चाचण्या काढून टाकायच्या, पण कुठल्या मर्यादेवर, ते डेटा घेण्याआधी लिहून ठेव. नंतर ठरवलंस तर आपल्याला आवडणारे एमईपी आपोआप वाचतात.

प्रत्येक स्थितीला किमान 20-25 पल्स घे. अंतर ठरावीक ठेवू नकोस, थोडं खाली-वर कर, नाहीतर माणूस पुढचा पल्स ओळखून ताठ होतो. आकडे एका बाजूला झुकलेले येतात, म्हणून सरासरी काढण्याआधी लॉगॅरिथम घे.

जोड-पल्सबद्दल, म्हणजे एकामागोमाग दिलेल्या दोन पल्सबद्दल, थोडक्यात. कुजिराई आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवलं, की थ्रेशोल्डखालचा एक पल्स दोन-तीन मिलिसेकंद आधी दिला तर पुढचा एमईपी दबतो. अंतर 10-15 मिलिसेकंद केलं तर वाढतो. दबण्यामागे गॅबा-ए (मेंदूतल्या पेशींना शांत करणारा रिसेप्टर) आहे असं औषधांच्या प्रयोगांवरून दिसतं. टेस्ट पल्सचा, म्हणजे दुसऱ्या पल्सचा, एकट्याने दिल्यावरचा एमईपी सुमारे 1 मिलिव्होल्ट ठेव. तो 200 मायक्रोव्होल्टचा असेल तर दबायला जागाच राहत नाही. आणि पहिला पल्स फार जोरात दिलास तर दाबण्याऐवजी उलट मदत मोजशील.

थीटा बर्स्टची, म्हणजे पल्सचे छोटे झुपके ठरावीक लयीत देण्याची, घाई आत्ता नको. तीन पल्स 50 हर्ट्झने, दर 200 मिलिसेकंदांनी, एकूण 600. सलग दिले तर 40 सेकंदांत संपतात, दोन सेकंद देऊन आठ सेकंद थांबत गेलं तर सुमारे 190 सेकंद लागतात. ह्वांग आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या निबंधात पहिल्याने एमईपी घटला, दुसऱ्याने वाढला. 2013 मध्ये हमादा आणि सहकाऱ्यांनी जास्त माणसं घेऊन तेच केलं, तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. कोणाचा वाढला, कोणाचा घटला, आणि त्यातला बराच फरक मज्जारज्जूत उतरणाऱ्या त्या लाटांपैकी कोणाच्या मेंदूत कुठल्या उठतात त्यावर होता. आधीची बेसलाइन (काही करण्याआधीचं मोजमाप) डळमळीत असेल तर त्यानंतर मोजलेला ‘परिणाम’ कुठलाही असू शकतो. म्हणून पहिला महिना फक्त बेसलाइनचा: तीच चार माणसं, तीन वेगळे दिवस, तीच वेळ, थ्रेशोल्ड आणि 25 एमईपी. वहीत रात्रीची झोप, शेवटचा चहा, औषध, कॉइलचा क्रमांक आणि तापमान लिही.

तापमान अशासाठी, की कॉइल तापली की यंत्र मध्येच पल्स द्यायचं थांबवतं. तेव्हा शेजारची दुसरी कॉइल लावून पुढे जावंसं वाटेल. एकाच मॉडेलच्या दोन कॉइलही अगदी सारख्या नसतात. थंड होईपर्यंत थांब, नाहीतर दुसरी लावून थ्रेशोल्ड पुन्हा काढ आणि ते सत्र वहीत वेगळं नोंद.