घोड्यावरून न उतरता उघडेल असं शेताचं फाटक : आलेल्या प्रश्नांना उत्तरं

सारंगखेड्याची यात्रा झाली की हा प्रश्न दरवर्षी येतो, यंदा जरा जास्तच आला. शहादा तालुक्यातल्या एका भाऊंनी सविस्तर लिहिलंय म्हणून त्यांचाच घेतो. "सर, यात्रेतून घोडी आणली. केळीच्या मळ्याला तारकुंपण आहे, सकाळ-संध्याकाळ चक्कर असते, दर फाटकाला उतरा, कडी काढा, घोडी धरा, फाटक लावा, परत चढा. वय पंचावन्न, गुडघा दुखतो. न उतरता उघडेल असं गेट कसं करायचं? दुकानदार म्हणतो स्प्रिंगचं घ्या, आपोआप लागतं."

भाऊ, स्प्रिंगचं घेऊ नका. बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे डोक्यात ठेवा. मी आजवर स्प्रिंग लावलेली जेवढी फाटकं पाहिली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एकच तक्रार होती, घोडी अर्धी पार झाली की फाटक येऊन तिच्या मागच्या पायावर नाहीतर पुठ्ठ्यावर आदळतं. एकदा आदळलं की झालं, मग ती घोडी फाटक दिसलं तरी अंग चोरते, दोनदा आदळलं तर उधळते आणि तुम्ही खाली. दुकानदाराला स्प्रिंग विकायची आहे, घोडी त्याची नाही. आणि तो देतो ती पण कडक, म्हणतो कडक घ्या म्हणजे ढिली पडणार नाही. कपाशीवर औषधाचा डबल डोस मारायला सांगणारे आणि हे एकाच जातीचे.

आपोआप मिटायलाच पाहिजे, ते बरोबर आहे, नाहीतर स्वाराला वळून परत यावं लागतं. पण ते मिटवायचं फाटकाच्या स्वतःच्या वजनानं. करायचं असं की बिजागरीच्या दोन्ही पिना ओळंब्यात, म्हणजे एकाखाली एक सरळ रेषेत, लावायच्याच नाहीत. वरची पिन खालच्या पिनेपेक्षा दीड इंच पुढे, म्हणजे कडीच्या खांबाकडे, आणि फाटकावरचं वरचं आळं (पिनेवर बसणारं कडं) तेवढंच फाटकाच्या आतल्या बाजूला घ्यायचं म्हणजे फाटक सरळ दिसतं. दोन पिनांत चार फूट अंतर आणि फाटक सहा फूट रुंद धरलं तर पूर्ण उघडल्यावर फाटकाचं टोक साधारण सव्वादोन इंच वर उचललं जातं, आणि सोडलं की तेच वजन त्याला हळू खाली, मधे आणतं. दोन्ही बाजूनं आणतं, हे महत्त्वाचं. दीड इंच म्हणजे दीड इंचच, वेल्डर म्हणेल साहेब तीन करू, जोरात लागेल. नको. जोरात लागायला नकोच आहे आपल्याला. ब्रिटनमध्ये घोडेस्वारांसाठी शेतातून कायद्यानं वाटा राखलेल्या आहेत, तिथल्या ब्रिटिश हॉर्स सोसायटीचा आग्रह आहे की आपोआप मिटणाऱ्या फाटकाला काटकोनात उघडल्यापासून खांबाला लागेपर्यंत निदान आठ सेकंद लागले पाहिजेत. तुम्ही पण मोजा. सोडा आणि एक ते आठ म्हणा. पाचातच लागलं तर वरची पिन अर्धा इंच मागे घ्या. म्हणून पिन पहिल्या दिवशी कायमची वेल्ड करू नका, नट-बोल्टवर ठेवा.

रुंदी. ब्रिटनच्या १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये घोड्याच्या वाटेवरच्या फाटकाला कमीत कमी पाच फूट आणि गाडीवाटेला दहा फूट धरलंय. पाच फुटात घोडा जातो पण गुडघा खांबाला घासतो, आपण सहा धरा. आता फॅब्रिकेशनवाला तुम्हाला सांगेल की कशाला दोन फाटकं, चौदा फुटी एकच करा, ट्रॅक्टर पण जाईल घोडी पण जाईल. अजिबात ऐकू नका. चौदा फुटी फाटक घोड्यावरून हातात धरून फिरवता येत नाही, त्याचं टोक फिरायला घोडीला केवढा मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि काळ्या मातीत तेवढ्या लांब फाटकाचं टोक दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीला टेकतंच. ट्रॅक्टरचं बारा फुटी वेगळं, त्याच्या शेजारी सहा फुटी स्वाराचं. मधला खांब सामाईक. मोठं फाटक तोडणीच्या दिवसातच उघडतं, रोजचं छोटं.

कडी हा खरा मुद्दा आहे आणि इथंच सगळे चुकतात, कारण कडी बनवणारा माणूस जमिनीवर उभा राहून बनवतो. त्याच्या छातीला लागते तिथं लावतो, म्हणजे साडेतीन फुटावर. घोडीवर बसलेल्या माणसाला तिथं पोचायला वाकावं लागतं, वाकला की एका रिकिबीवर भार, घोडी सरकते आणि तोल जातो. कागदावरचं माप घेऊच नका. तुमच्या घोडीवर तुम्ही बसा, पाठ सरळ, हात मोकळा खाली सोडा, आणि पोराला टेप घेऊन जमिनीपासून तळहातापर्यंत माप घ्यायला लावा. साठ इंची घोडी आणि मध्यम उंचीचा माणूस असेल तर साडेचार फुटाच्या आसपास येतं, लहान घोडी असेल तर कमी. तेच तुमच्या दांडीचं माप. फाटकाची उंची चार फूटच ठेवायची, कडी पण खालीच, फक्त कडीला वेल्ड केलेली बारा एमएमची सळई वर काढायची आणि तिला उलट्या यू सारखं वळवून दोन्ही पाय खाली जोडून टाकायचे. टोक मोकळं ठेवायचं नाही. मोकळ्या टोकात लगाम अडकतो, रिकीब अडकते, सदऱ्याची बाही अडकते, आणि जनावर निघालं की माणूस तिथंच राहतो. मी हे डोळ्यानं पाहिलंय, खांदा निखळला होता त्या माणसाचा.

कडी म्हणजे फाटकाच्या टोकाला एक पट्टी, खिळीवर फिरणारी, स्वतःच्या वजनानं खाली पडणारी. खांबावर तिच्यासाठी खाच, आणि खाचेच्या दोन्ही बाजूला उतार. फाटक कुठल्याही बाजूनं येऊ द्या, पट्टी उतारावर चढते आणि खाचेत पडते, खट्ट आवाज येतो, तो आवाज आला म्हणजे लागलं, मागे वळून बघायला नको. स्वारानं दांडी आपल्याकडे ओढली की पट्टी उचलली जाते आणि घोडीच्या छातीनं किंवा आपल्या गुडघ्यानं फाटक ढकलायचं. दोन्ही दिशेला उघडतं म्हणून दोन्ही वेळी ढकलणंच, ओढायचं कधीच नाही. ओढायचं फाटक असलं की घोडीला मागे सरकावं लागतं आणि यात्रेतून आणलेली घोडी मागे सरकायला शिकलेली असतेच असं नाही.

फाटकाच्या आजूबाजूची जागा कुणी विचारतच नाही. कडीच्या बाजूला, खांबाच्या पुढे निदान चार-पाच फूट मोकळं पाहिजे, घोडी फाटकाला समांतर उभी राहते ना, तिचं तोंड तिकडे जाणार. तिथं बाभळीचं काटवण नको, ठिबकचा व्हॉल्व्ह नको, चारी तर नकोच. दोन्ही अंगाला बारा-तेरा फुटाचा चौकोन सपाट करून मुरूम टाका. आणि खांबाच्या दोन्ही बाजूला सहा फूट काटेरी तार लावायची नाही, तिथं आडव्या पट्ट्या किंवा पाईप. तारवाला म्हणेल एवढ्यात काय होतंय. होतं. घोड्याची मांडी फाटली की टाके घालायला डॉक्टर शोधत फिरावं लागतं.

आता खांब, आणि इथं वेळेचा प्रश्न आहे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या दोन्ही वेळी खांब रोवू नका. नको म्हणजे नको. भेगांच्या दिवसात रोवलेला खांब पहिल्या पावसात कलतो आणि आपलं सगळं गणित दीड इंचाचं आहे, खांब एक इंच कलला तर फाटक एकतर लागणार नाही नाहीतर आदळेल. खरीप निघाल्यावर, मार्गशीर्ष-पौषात, जमिनीत थोडी ओल असताना करा. मुरूम लागेपर्यंत खणा, तीन ते साडेतीन फूट, आणि काँक्रीट १:२:४, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. सिमेंट जास्त टाकलं की जास्त मजबूत असं नसतं, जास्त सिमेंट जास्त पाणी म्हणजे जास्त तडे. सात दिवस रोज पाणी मारा, गोणपाट गुंडाळा, आणि मगच फाटक टांगा. ठेकेदार दुसऱ्याच दिवशी टांगायला येतो कारण त्याला बिल काढायचंय. त्याला परत पाठवा.

पाईप घेताना पट्टीचा रंग बघा. पिवळी म्हणजे ए, हलका. निळी म्हणजे बी, मध्यम. लाल म्हणजे सी, जड. दुकानात पिवळ्या पट्टीचा दाखवून "सगळं सेमच आहे भाऊ" म्हणतात, सेम नाहीये, भिंतीच्या जाडीचा फरक आहे. दीड इंची निळा घ्या आणि वजन काट्यावर करून घ्या. लाल घेऊन उगाच जड करू नका, फाटक जड झालं की ढकलताना घोडी अडते. तिरपा टेकू लोखंडी पाईपचा असेल तर बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्यात, तारेचा ताण देणार असाल तर बरोबर उलटा, बिजागरीच्या वरून कडीच्या खाली. हे उलटसुलट केलेली फाटकं मी प्रत्येक गावात पाहतो. बिजागरीला ग्रीस थापू नका, आपल्याकडच्या धुळीत त्याची खरड होते, महिन्यातून दोन थेंब तेल पुरे. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा दांडी हाताला भाजते, तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.

चोपड्याकडच्या एका दादांचा प्रश्न आहे की घोडी नाही, मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन दिवसातून चार वेळा फाटक ओलांडायचं असतं, "साहेब, रोज उतरनं पडस," काही करता येईल का. हेच फाटक करा. त्याच सळईला तीन-सव्वातीन फुटावर खाली अजून एक पकड जोडा, बसल्या बसल्या हात पोचतो. फाटकाच्या खालच्या भागाला जुन्या टायरचा तुकडा बोल्टनं लावा, म्हणजे पुढच्या चाकानं हळू ढकलता येतं. हळू. धडक द्यायची नाही, हँडल फिरतं आणि माणूस पडतो. कॅन दोन्ही बाजूला बाहेर आलेले असतात म्हणून सहा फुटापेक्षा कमी रुंदी चालणार नाही, आणि मिटायला आठ सेकंद इथं पण लागूच.

यावल भागातून विचारलंय की रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) कुंपणाच्या तारेला झटका मशीन आहे, फाटकावर पण तार घ्यायची का, मशीनवाला म्हणतो घ्या. घेऊ नका. घोड्यावर बसून हात लावायच्या फाटकात करंट ठेवायचा हा सल्ला देणाऱ्याला परत दारात उभं करू नका. फाटक पूर्ण बिनकरंटचं ठेवा, करंट फाटकाच्या खालून न्या, जमिनीत पाईप गाडून त्यातून झटका मशीनची जाड इन्सुलेशनची केबल. घरातली वायर वापरू नका, झटक्याचा दाब काही हजार व्होल्ट असतो, घरातल्या वायरचं इन्सुलेशन तेवढ्यासाठी नसतं, ओल्या जमिनीत फुटतं. गरजेपेक्षा मोठं मशीन पण घेऊ नका. आणि डीपीवरून थेट करंट तारेत सोडणारे अजून आहेत, त्यांना परत सांगतो, माणूस मरतो, आणि मेला की सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. दरवर्षी कुणाचा तरी बाप जातो यात. बंद करा.

चाळीसगावच्या एका नानांनी परदेशात असते तशी लोखंडी पाईपांची जाळी खड्ड्यावर टाकून फाटकच नको अशी आयडिया विचारलीय. गाईगुरं त्यावरून जात नाहीत, गाडी जाते, हे खरं आहे. पण घोड्याचा पाय त्या फटीत गेला की नडगी मोडते आणि मोडलेल्या पायाचा घोडा सहसा वाचत नाही. ती जाळी करायचीच असेल तर तिच्या शेजारी स्वारासाठी हे सहा फुटी फाटक पाहिजेच, त्याशिवाय नाही.

अनुदानाचं बऱ्याच जणांनी विचारलंय. नुसत्या फाटकासाठीची योजना माझ्या टेबलावर आलेली नाही. अभयारण्यालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी वनविभागाकडे विचारा, फार्मर आयडी काढून ठेवा, त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. आणि शिवरस्त्यावर किंवा सामाईक गाडवाटेवर कुलूप लावायचं फाटक टाकू नका, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार ते काढायला लावू शकतात, खर्च तुमचा.

शेवटी घोडीचं. फाटक तयार झालं की त्याच दिवशी बसून जाऊ नका. आधी चार-पाच दिवस तिला लगाम धरून पायी न्या, कडीचा खट्ट आवाज ऐकू द्या, फाटक तिच्या अंगाला हळूच टेकवा, दोन्ही बाजूनं. मग बसा, कडीजवळ नुसती उभी करा, दांडीला हात लावा, सोडा, परत जा. ती न हलता उभी राहायला लागली की उघडा. आणि कडीची खाच खांबाला पक्की वेल्ड करायच्या आधी एकदा घोडीवर बसून दांडी ओढून बघा, तेव्हा वेल्डरला तिथंच थांबवून ठेवा, कारण अर्धा-एक इंच इकडेतिकडे होतंच आणि तो एकदा गेला की आठ दिवस परत येत नाही.