सही करायच्या आधी एवढं वाच

अरे बाळा,

मेसेज रात्रीच बघितला, पण फोनवर हे नीट बोलता येत नाही म्हणून लिहून पाठवतोय. एकीकडं मोठ्या फुटबॉल क्लबची रिझर्व्ह म्हणजे राखीव पोरांची टीम, दुसरीकडं छोट्या क्लबची सीनियर म्हणजे मुख्य टीम, आणि तुझी मित्रमंडळी सांगतायत की छोट्यांचं काय खरं नाही, लीग शेवटी पैसेवालेच मारतात. अर्धं बरोबर आहे त्यांचं. आपल्या कोल्हापूरच्या पेठांतसुद्धा बघतोस की, ज्या तालमीच्या फुटबॉल टीमकडं पैसा जास्त तिच्याकडं बाहेरचे खेळाडू जास्त.

पण मिझोरामच्या आयझॉल क्लबचं बघ. 2015-16 ला आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमधून, खालच्या डिव्हिजनला गेलेली टीम. मग गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे क्लब देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या नव्या प्लॅनवर चिडून बाहेर पडले आणि जागा रिकामी झाली म्हणून आयझॉलला परत आत घेतलं. कोच खालिद जमील, मुंबई एफसी क्लबातून नुकतेच बाहेर पडलेले, सोबत जयेश राणे, आशुतोष मेहता अशी मुंबईत खेळलेली पोरं. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगला 1-1 ड्रॉ करून 37 पॉइंटवर चॅम्पियन झाले, मोहन बागान 36 वर राहिली. आणि मुंबई एफसी? त्याच सीझनला शेवटची आली, नंतर बंदच पडली.

पुढचं मात्र कोण सांगत नाही. आयएसएल म्हणजे पैसेवाल्या फ्रँचायझींची लीग, तिथं तेव्हा आय-लीग जिंकून वर जायची सोयच नव्हती, पैसे भरून आत जायचं. 2017 ला आत गेले बंगळुरू आणि जमशेदपूर, चॅम्पियन आयझॉल होतं तिथंच. खालिद सर ईस्ट बंगालला गेले, जयेश आयएसएलच्या एटीकेला, टीम पांगली. आय-लीग जिंकून वर जायचा रस्ता उघडला थेट 2023 ला, पंजाब एफसीसाठी. क्लबचं नुकसान झालं हे खरंच आहे, पण खेळाडूंचं झालं का? ते अख्खा सीझन खेळले होते, लोकांनी बघितलं होतं, म्हणून तर बोलावणी आली.

आता श्रीमंतांचं. आयएसएलची मुंबई सिटी (ती मुंबई एफसी वेगळी) 2019 ला इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपनं घेतली आणि 2020-21 ला शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (शेवटची फायनल) दोन्ही जिंकले, हे सगळ्यांना पाठ आहे. हैदराबाद पण 2022 ला चॅम्पियन होती रे. दोन वर्षांच्या आत पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले आणि 2023-24 ला अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकून तळाला. तरी खाली गेली नाही, कारण त्या लीगमध्ये तेव्हा रेलिगेशन, म्हणजे तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये पाठवणं, नव्हतंच! महिंद्रा कंपनीची महिंद्रा युनायटेड 2005-06 ची नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) चॅम्पियन, 2010 ला टीम बंद. पुण्याचे पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, तिन्ही गेले. आपल्याकडं क्लब श्रीमंत असतो म्हणजे मालकाचा मूड असेपर्यंत असतो. मी स्वतः एका कंपनीच्या टीमला होतो, चांगली नावाजलेली, एका सकाळी प्रॅक्टिसला गेलो तर ग्राउंडचं गेट बंद आणि दोन महिन्यांचा पगार अजून यायचाय, आता काय यायचा म्हणा.

म्हणून नाव आणि आकडा बघू नकोस. दोन्ही क्लबांतून मागच्या वर्षी बाहेर पडलेली पोरं शोध आणि विचार की पगार कुठल्या तारखेला यायचा, गुडघा गेल्यावर ऑपरेशनचे पैसे कुणी दिले. रिझर्व्हवाल्यांना विचार, वर्षाला मॅच किती आणि दोन वर्षांत वर किती गेले. नुसतं “संधी मिळते” म्हणाले तर समजून जा. त्यात तू स्ट्रायकर, आणि मोठ्या क्लबात ती जागा बहुतेक परदेशी खेळाडूची ठरलेली, छेत्रीनंतर नऊ नंबर कोण हे अख्खा देश उगाच विचारत बसलेला नाही. तू गोलकीपर किंवा लेफ्ट बॅक असतास तर कदाचित मी वेगळं बोललो असतो.

माझं मन विचारशील तर छोट्याकडं जातंय, पण एकाच वर्षाची सही कर, तीन वर्षांची नको, आणि क्लब सोडायचं कलम वाचल्याशिवाय तर मुळीच नको. पप्पांना मी समजावतो, त्यांना फक्त मोठ्या क्लबचा लोगो दिसतोय.

शनिवारी शाहू स्टेडियमवर ये, दोन्ही कागद घेऊन ये, झेरॉक्स नको, ओरिजिनल.

तुझा,
सर