१९५१ चा सॅन फ्रान्सिस्को डॉन्स संघ नकारामुळे बंद पडला, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाने एकही सामना न हरता हंगाम संपवला, मग दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना वगळायला नकार दिला आणि त्यापायी संघच बंद पडला, हे खरं का? आणि त्या दोघांचं पुढे काय झालं?

नकार शंभर टक्के खरा. ‘त्यापायी बंद पडला’ हे मात्र अर्धंच खरं. उरलेलं अर्धं कळल्यावर माझा तरी त्या पोरांबद्दलचा आदर वाढला.

संघ सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा, टोपणनाव डॉन्स. जेझुइट पाद्र्यांचं लहानसं विद्यापीठ. फुटबॉल अर्थातच अमेरिकी, लांबट चेंडूचा. प्रशिक्षक ज्यो कुहारिच शिस्तीचे कडक. १९५१ मध्ये नऊ सामने झाले आणि नऊही जिंकले. ऑली मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली, देशात सर्वाधिक. २१ टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं, दर वेळी सहा गुण) केले ते वेगळेच.

न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमशी खेळलेला सामना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांसमोर स्वतःला सिद्ध करायची ती एकच संधी होती. किकऑफला समोरचा संघ चेंडू लांब लाथाडतो आणि त्याच्यामागून अकरा जण अंगावर धावून येतात. तो चेंडू झेलून मॅटसन जवळजवळ अख्खं मैदान पार करत थेट गोलरेषेपलीकडे गेला, आणि हे त्याने त्या एकाच सामन्यात दोनदा केलं. डॉन्स ३२-२६ ने जिंकले. सहा गुणांच्या फरकाने जिंकलेल्या सामन्यात ते दोन टचडाउन म्हणजे काय, हे सांगायला नको.

शेवटचा सामना पॅसाडीनाच्या रोझ बाउल मैदानावर लोयोलाशी झाला, २०-२. मग आमंत्रणाची वाट पाहणं सुरू झालं. हंगाम संपल्यावर नववर्षाच्या सुमारास आमंत्रित संघांचे ‘बाउल’ सामने होतात आणि त्यातून कॉलेजला बऱ्यापैकी पैसा मिळतो. ऑरेंज बाउल मायामीत, शुगर न्यू ऑर्लिन्समध्ये, गेटर जॅक्सनव्हिलमध्ये. तिन्ही शहरं दक्षिणेतली, जिथे गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे तेव्हा लागू होते. खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीगत अशी की मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवा, मग बघू, असा निरोप आला. संघाने नाही म्हटलं. मतदान झालं नाही, लांबलचक चर्चाही नाही. प्रश्नच उद्भवत नव्हता, असं ते सांगत.

ऑरेंज बाउलला जॉर्जिया टेक आणि बेलर गेले, शुगरला मेरीलँड आणि टेनेसी, गेटरला मायामी आणि क्लेम्सन. डॉन्सचे प्रतिस्पर्धी फारसे तगडे नव्हते, हेही कारण सांगितलं जातं आणि ते अगदीच खोटं नाही. सॅन होजे स्टेटशी तर ते त्या हंगामात दोनदा खेळले. पण तेवढ्यावर मी समाधान मानणार नाही. त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबरला ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइटचा जबडा मोडण्यात आला. ब्राइट कृष्णवर्णीय होता आणि मार बसला तेव्हा चेंडू त्याच्याकडे नव्हताही. डि मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारांनी तो प्रसंग चित्रमालिकेत पकडला आणि त्या फोटोंना पुलित्झर मिळालं. हवा अशी होती. आणि तरी, ठरवलं असतं तर वेगळं वागता आलं असतं: १९४८ च्या कॉटन बाउलमध्ये, डॅलससारख्या शहरात, पेन स्टेटकडून दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळले होते.

आता बंद पडण्याबद्दल. विद्यापीठाचा फुटबॉल आधीच तोट्यात होता. शहरातला व्यावसायिक संघ फॉर्टीनायनर्स त्याच केझार स्टेडियममध्ये खेळायचा आणि प्रेक्षक तिकडे वळत होते. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने १९५१ च्या सुरुवातीलाच फुटबॉल गुंडाळला होता, सांता क्लाराने १९५२ च्या हंगामानंतर. म्हणजे संकट अख्ख्या भागातल्या कॅथलिक कॉलेजांवर होतं. बाउलच्या पैशाने डॉन्सना कदाचित आणखी काही काळ तग धरता आला असता. म्हणूनच त्या नकाराची किंमत मोठी होती: पैशाची चणचण डोळ्यांसमोर असताना पोरांनी पैसा नाकारला. हंगाम संपल्यावर विद्यापीठाने संघ बरखास्त केला. बॉब सेंट क्लेअरचं शिक्षण बाकी होतं, तो टल्साला खेळायला गेला.

या एका संघातले तिघे, मॅटसन, सेंट क्लेअर आणि जिनो मार्केटी, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा पंचविशीतला पीट रोझेलही तिथे आहे. तो १९६० पासून जवळजवळ तीस वर्षं एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, आयुक्त होता.

मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ x ४०० रिलेत रौप्य मिळवलं, मग शिकागो कार्डिनल्सकडे गेला. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याच्या एकट्याच्या बदल्यात नऊ जण देऊ केले. तो सौदा करणारा रॅम्सचा व्यवस्थापक होता रोझेलच.

टोलरचं नशीब वेगळं. १९५२ मध्येच कॉलेज ऑल-स्टार सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. सॅन फ्रान्सिस्कोत तो शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला पंच नेमलं. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय पंच, आणि १९८० च्या सुपर बाउललाही तो मैदानात होता. २०१७ मध्ये विद्यापीठाने एका वसतिगृहाला त्याचं नाव दिलं. आधी ते फेलन या माजी महापौराच्या नावाने होतं. चिनी आणि जपानी लोकांच्या विरोधात राजकारण केलेल्या माणसाचं नाव नको, असं विद्यार्थ्यांनी लावून धरलं होतं.