सर्पगंधा बियांपासून लावताना

अहो, सर्पगंधाचं (ही औषधी वनस्पती) बी पेरलं आणि उगवलंच नाही म्हणून एवढं टेन्शन नका घेऊ, ते असंच छळतं, माझी पहिल्या वर्षी १०० मधली जेमतेम ११ उगवली होती. रानातून उपटलेलं रोप मात्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, औषधी मुळांपायीच सर्पगंधा जंगलातून संपत चाललीये. फळ लाल दिसलं की हात शिवशिवतात पण पार जांभळं-काळं होऊ द्या, मग गर चोळून धुवा, बी पाण्यात टाका, तरंगलं ते पोकळ, फेका सरळ, बुडालेलं रात्रभर भिजवून ताजं असतानाच पेरा, जुनं बी बहुतेक वायाच जातं. मे-जूनमध्ये, अर्धवट सावलीत, शेणखत-वाळू मिक्स करून. आणि १५ दिवसांत ट्रे उकरून बघू नका हो (मी बघितलाय!), कधीकधी दीड महिना लागतो.